जेरेच्या मातीला

कासोंडे आमच्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात आला तेव्हा त्याच्या अंगात सरकारी हिरवा सदरा होता, खांद्याला बंदूक होती, आणि माणूस असा घुम्या की विचारल्याशिवाय स्वतःचं नावही सांगायचा नाही. उत्तरेकडचा, बेम्बा जमातीचा तो. त्याचा बाप झाडांच्या फांद्या तोडायचा, जाळायचा आणि राखेत नाचणी पेरायचा. पोरानं बापाची कुऱ्हाड सोडून जंगल खात्याची बंदूक धरली, आणि खात्यानं त्याला आमच्याकडे पाठवलं. पाहुण्यांना पायी सफारीला नेतात तेव्हा सगळ्यांत पुढे बंदूकवाला राखणदार असतो, त्याच्या मागे गाइड, मग पाहुणे, आणि शेवटी चहाची पेटी डोक्यावर घेतलेला माणूस. जनावराचा विचार राखणदारानं करायचा आणि बडबड गाइडनं.

बडबडीच्या बाबतीत लेव्हिसन जेरेचा हात धरणारा अख्ख्या नदीकाठी कुणी नव्हता. जातीचा न्गोनी, आमच्यातलाच, पूर्वेकडचा. नदीकाठच्या तळावर तो गाइड होता. नवा राखणदार बेम्बा आहे हे कळल्यावर तर त्याला घरी जावई आल्यासारखा आनंद झाला.

"काय हो, जेवलात का?" त्यानं पहिल्याच सकाळी विचारलं.

"नाही अजून," कासोंडे म्हणाला.

"मग वाट कुणाची बघताय? जेवण ते काय, झाडावर बसलंय!"

झाडावर बबून बसले होते. बेम्बा लोक माकडं खातात असं आम्ही म्हणतो. खातात की नाही देव जाणे, पण म्हणायचं. आम्ही उंदीर खातो हे मात्र खरं आहे आणि त्याची आम्हाला तिळमात्र लाज नाही. मीठ लावून वाळवलेला शेतातला उंदीर ज्यानं खाल्ला नाही, त्यानं चवीबद्दल बोलू नये.

तळावरचे सगळे हसले. कासोंडे मात्र हसला नाही. बंदुकीचा पट्टा सारखा करत तो म्हणाला, "माकड धरायचं तर झाडावर चढावं लागतं, जेरेबाबा. बिळात हात घालून बसणाऱ्यांचं ते काम नव्हे."

जेरेनं टाळी दिली आणि तो म्हणाला, "सापडला! माझा म्बुया सापडला!"

आता म्बुया म्हणजे काय, तर थट्टेचा सोयरा. आमचे पणजोबा आणि बेम्बांचे पणजोबा एके काळी भाले घेऊन एकमेकांच्या उरावर बसले होते. पुढे लढाया थांबल्या आणि भाल्यांच्या जागी थट्टा आली. न्गोनीनं बेम्बाला काहीही बोलावं, बेम्बानं न्गोनीचं ताट उचलून न्यावं, टोपी पळवावी, बायकोसमोर अब्रू काढावी. रागवायचं नाही, एवढाच नियम. म्बुयाच्या बोलण्याचा राग धरणारा माणूस आमच्याकडे माणसांत जमा नाही. आणि म्बुयाचं बोलणं खरं मानणारा तर शुद्ध खुळा.

तिथून पुढे त्या दोघांचे केस पिकेपर्यंत हेच चाललं. जेरे पाहुण्यांना सांगायचा, "घाबरू नका, आमच्या राखणदाराला वाघसिंहांची भीती नाही. वाघ आमच्याकडे नसतातच, आणि सिंह दिसला की हा माझ्या मागे असतो." कासोंडे मागे न बघता म्हणायचा, "गाइडच्या खिशात काय वळवळतंय ते विचारा. दुपारचं जेवण आहे त्याचं." कासोंडेचं घुमेपण कधी गेलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याची बायको म्हणायची, "तू माझ्याशी वर्षात बोलत नाहीस एवढं त्या उंदीरखाऊशी एका दिवसात बोलतोस." खोटं नव्हतं ते.

जेरेचा एक आवडता खेळ होता. चहाला थांबलं की तो कुठल्यातरी वारुळामागे जायचा आणि तिथून ओरडायचा, "कासोंडे, धाव! रेडा! मेलो!" पहिल्या वेळी कासोंडे धडपडत बंदूक घेऊन पळाला. वारुळावर जेरे पाय हलवत बसलेला. "रेडा होता रे, पण तुझं तोंड बघून पळाला." पुढच्या वेळीही कासोंडे धावला. त्याच्या पुढच्या वेळीही. मग हळूहळू तो बसल्या जागेवरूनच उत्तर द्यायला लागला, आणि ते उत्तर ऐकून पाहुणे हसायला लागले, आणि तो चहाच्या वेळचा कार्यक्रमच होऊन गेला.

पण हे नातं नुसतं दात काढण्याचं नाही. कासोंडेची आई इथंच त्याच्या घरी वारली, तेव्हा तो दगड झाला होता. रडेना, बोलेना, जेवेना. बायका आत रडत होत्या आणि हा अंगणात खुंटासारखा बसलेला. तेवढ्यात जेरे आला. म्हातारीचं लुगडं-वजा चितेंगे त्यानं कमरेला गुंडाळलं, तिच्यासारखा एक पाय ओढत लंगडत आला आणि तिच्याच किरट्या आवाजात म्हणाला, "कासोंडे, मेल्या, मी मेले तरी सदऱ्याचं बटण लावलं नाहीस ना?" बटण खरंच तुटलेलं होतं. कासोंडेला हसू फुटलं, आणि हसता हसता जे रडू आलं ते थांबेना. त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं, जेरे आला नसता तर आपल्या माणसाच्या छातीत ते दुःख कुजलं असतं. आमच्याकडे म्हणूनच म्बुयाशिवाय माती उरकत नाहीत. रडवायला सगळं गाव असतं. हसवायला एकच माणूस लागतो.

त्या दिवशी माती देऊन परतताना जेरे म्हणाला होता, "आता माझ्या वेळेला तू. कंजूषपणा करू नकोस. लोकांची पोटं दुखली पाहिजेत."

"आधी मर तरी," कासोंडे म्हणाला होता.

जेरे गेला तो ऑक्टोबरच्या काहिलीत. नदी आटून डबकी उरली होती आणि जनावरं त्या डबक्यांभोवती चिडखोर होऊन फिरत होती. पाहुण्यांत एक म्हातारं जोडपं आणि दोघी बहिणी होत्या. चिंचेच्या सावलीत फ्रॅकसननं पेटी उतरवली, कप मांडले. हा फ्रॅकसन आमचा जुना चहावाला, नातवंडांचा धनी.

जेरे उठला. "लघवीला जाऊन येतो."

नियम असा की गाइड आडोशाला गेला तरी बंदूक त्याच्या बरोबर जायची. कासोंडे उठायला लागला.

"बस रे," जेरे म्हणाला. "तू बंदूक घेऊन उभा राहिलास की मला होत नाही."

कासोंडे बसला. फ्रॅकसननं त्याच्या हातात चहा दिला.

थोड्या वेळानं झुडपांपलीकडून हाक आली. "कासोंडे! अरे म्बुया! काकुली!"

काकुली म्हणजे कळपातून हाकललेला म्हातारा रेडा. चिखलानं माखलेला, एकटा आणि जगाशी वैर धरलेला. कासोंडेनं कप तोंडापासून लांब नेला आणि ओरडला, "शेपटी धर आणि भाजून खा! उंदीर समज!"

दोघी बहिणींनी विचारलं काय चाललंय. फ्रॅकसननं मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. सगळे हसले.

"कासोंडे, ये रे!"

"चहा संपवून येतो!" कासोंडे म्हणाला आणि त्यानं बिस्किट बुडवून खाल्लं. पाहुणे परत हसले. म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसत होते.

मग झुडपांतून फांद्या मोडल्याचा आवाज आला, आणि रेड्याच्या पाठीवर बसतात ती पाखरं कलकलत वर उडाली. जेरेला फांद्या मोडता येत होत्या, पाखरं उडवता येत नव्हती. कासोंडेच्या हातून कप पडला. तो धावला. एवढ्या वर्षांत त्यानं जनावरावर कधी गोळी झाडली नव्हती. त्या दिवशी झाडली आणि रेडा जागच्या जागी बसला. पण शिंग आधीच जेरेच्या बरगड्यांत जाऊन आलं होतं.

कासोंडे गुडघ्यांवर बसला, सदरा काढून जखमेवर दाबला. जेरेचे डोळे उघडे होते. त्यानं कासोंडेकडे बघितलं आणि विचारलं, "चहा झाला का?"

दुसरं काही तो बोलला नाही. तळावरून मागवलेली गाडी दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत, कासोंडेच्या मांडीवर, तो गेला.

तो प्रश्न कासोंडेच्या काळजात रुतून बसला. थट्टा होती ती? की जाता जाता लावलेला बोल? जन्मभर ज्या माणसाच्या तोंडून थट्टेशिवाय शब्द ऐकला नाही, त्याचा शेवटचा शब्द कोणत्या मापानं मोजायचा, सांगा! कासोंडेला एवढंच कळत होतं की हे कुणालातरी सांगायला हवं आणि त्या कुणीतरी आपल्याला फाडून खायला हवं. शिव्या घालाव्यात, थुंकावं, बंदूक काढून घ्यावी. त्याशिवाय त्याला श्वास घेता येईना.

खात्याचा साहेब आला. कासोंडेनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. हाक, बिस्किट, सगळं. साहेबानं मान हलवली. "तो तुझा म्बुया होता ना? मग? कुणाला खरं वाटलं असतं? मलाही नसतं वाटलं." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून निघून गेला. कासोंडे फ्रॅकसनकडे गेला तर फ्रॅकसन म्हणाला, "हसलो तर मीही होतो रे," आणि तोंड फिरवून रडायला लागला. त्याला काय बोलणार?

घरी बायकोला म्हणाला, "जेरेच्या बायकोला सांगणार आहे."

"सांगून काय होईल? तो उठून बसेल?"

"ती मला शिव्या घालेल."

"शिव्याच हव्यात तर मी घालते की. बस इथं."

"तुझ्या नकोत," तो म्हणाला.

मातीच्या दिवशी तो जेरेच्या अंगणात गेला आणि पार मागे, कुंपणाला टेकून उभा राहिला. त्याला वाटलं होतं, शाळेतला मास्तर बेम्बाच आहे, तो करील काय ते. पण जेरेचा थोरला भाऊ येसाया म्हातारा काठी टेकत सगळ्या माणसांतून त्याच्यापर्यंत आला.

"काय रे माकडखाऊ, लपतोस? माझा भाऊ तिथं पडलाय आणि म्हणतोय, माझा बेम्बा आल्याशिवाय मी खड्ड्यात उतरत नाही."

"बाबा, मास्तरांना सांगा. मला जमायचं नाही."

"मास्तर?" येसाया म्हणाला. "मास्तरानं त्याची टोपी कधी पळवली होती? चल." आणि हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "चल पोरा. घरातल्या बायका थकल्यात रडून. त्याच्या बायकोनं अन्नाला हात लावलेला नाही."

कुणीतरी जेरेची टोपी आणून कासोंडेच्या डोक्यावर ठेवली. कबरीपाशी वाट झाली. रीतच अशी की म्बुयानं आधी स्वतः खड्ड्यात उतरायचं आणि जागा अडवून बसायचं. कासोंडे उतरला. वरून सगळं गाव वाकून बघत होतं. शवपेटीशेजारी जेरेची बायको एस्नार्ट, थोकोची आई म्हणतात तिला, डोक्यावरून चितेंगे घेऊन दोन बायकांच्या आधारानं उभी होती.

"जेरे," कासोंडे म्हणाला. त्यानं खड्ड्यात बसकण मारली. "जेरे, उंदीर संपले म्हणून निघालास काय?"

इकडे तिकडे हसू उमटलं. पण पुढचे शब्द त्याला सापडेनात. एवढ्या वर्षांच्या शिव्या, टोमणे, कोट्या, एकही जागेवर नव्हती. जागेवर होती ती एकच गोष्ट. लोक वाट बघत होते. आणि त्याच्या मनात आलं की हे असंच होऊ दे. गाव गोळा झालंय, त्याची बायको उभी आहे, भाऊ उभा आहे. इथंच सांगू. इथंच मारू देत मला.

"ऐका," तो म्हणाला. "यानं मला हाक मारली होती. मी ऐकली. मी चहा पीत होतो."

लोक फिसकन हसले.

"हसू नका! हा ओरडत होता, कासोंडे ये रे. आणि मी म्हटलं, चहा संपवून येतो."

हशा पिकला. "अरे देवा, हा बेम्बा!" कुणी बाई म्हणाली.

"साखर कमी होती म्हणून मी आणखी मागून घेतली! तो तिथं मरत होता आणि मी बिस्किट बुडवत होतो! अर्धं बिस्किट चहात पडलं तर मी ते बोटानं काढून खाल्लं!"

आता माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होती. येसाया म्हातारा काठीवर वाकला होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. कासोंडे खड्ड्यातून ओरडला, "खरं सांगतोय मी! मी मारलं त्याला! रेड्यानं नाही, मी!" त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते बघून तर लोकांना वाटलं, वा, असा म्बुया बघितला नाही, रडायचं सोंगसुद्धा काय हुबेहूब करतो! "मी धरला तेव्हा हा मला काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, चहा झाला का?"

त्यावर जो हशा उसळला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. आणि एस्नार्टही हसली. तोंडावर हात दाबून, कमरेत वाकून, हुंदके आणि हसू एकत्र. आधार देणाऱ्या बायकाही हसल्या, आणि मग तिघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळेपणानं रडल्या. कासोंडेनं खालून ते बघितलं. मग दोघांनी हात देऊन त्याला वर ओढलं, त्याची पाठ थोपटली, आणि जेरेला खाली सोडलं.

संध्याकाळी जेवणं झाली तेव्हा तो एस्नार्टच्या दाराशी गेला. म्बुयाला मातीच्या कामाची कोंबडी देतात, ती घ्यायला त्याला बोलावलं होतं. ती चटईवर भिंतीला टेकून बसली होती. तिच्याजवळ रिकामं ताट होतं, मक्याच्या पिठाची न्शिमा आणि भाजी पुसून खाल्लेली. कासोंडे उंबऱ्यात बसला. टोपी त्यानं काढून हातात घेतली.

"थोकोची आई, मी मघाशी बोललो ते—"

"पुरे रे बाबा!" ती म्हणाली, आणि बोलताना परत हसली. "ते बिस्किटाचं! मला वाटलं, आता मीही जाते त्याच्या मागोमाग. तो गेल्यापासून घास उतरत नव्हता बघ. आज जेवले. तो ऐकत असता तर गडबडा लोळला असता."

"ते खरं होतं," कासोंडे म्हणाला. "त्यानं हाक मारली. दोनदा. मी ऐकली आणि गेलो नाही."

ती हसायला लागली. मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. तिचं हसू जरा वेळ ओठांवर तसंच राहिलं आणि मग आतून विझत गेलं. बाहेर बायका पातेली घासत होत्या.

"कासोंडे," ती अगदी हळू म्हणाली, "थट्टा करतोयस ना तू?"

ज्याच्यासाठी तो इतके दिवस तळमळत होता ते सगळं एका शब्दावर येऊन थांबलं होतं. नाही म्हटलं की ती उठली असती, ओरडली असती, कदाचित तेच रिकामं ताट तिनं त्याच्या डोक्यात घातलं असतं, आणि त्याला मोकळा श्वास घेता आला असता. आणि मग रात्रभर, आणि पुढच्या सगळ्या रात्री, ती एकटी त्या हाका ऐकत पडली असती. म्बुयाचा राग धरता येत नाही. तो राग घेऊन ती गेली असती कुठे?

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती उत्तराची वाट बघत होती, आणि कोणतं उत्तर हवं ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"थट्टाच," तो म्हणाला. "माकडखाऊ माणूस, दुसरं काय करणार."

तिनं मान हलवली. मग कोपऱ्यात पाय बांधून ठेवलेली कोंबडी तिनं उचलली आणि त्याच्या हातात दिली. "घे. हक्काची आहे तुझी. त्याची माती छान केलीस."

कासोंडे कोंबडी काखेत धरून घरी आला. बायको दारातच उभी होती.

"सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाली?"

"कोंबडी दिली," तो म्हणाला.